अल्फा व पेंटियम प्रो : एका स्पर्धेचा इतिहास

१९९५ सालीं नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें 'पेंटियम प्रो' या नांवाचा प्रोसेसर बाजारांत आणला. संगणकाच्या अंगीं जी गणनशक्ति असते, तिचें स्थान म्हणजे सिलिकनचा एक लहानसा तुकडा. त्यालाच प्रोसेसर म्हणतात. त्या वेळीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांनीं जाणकारांच्या वर्तुळांत मोठी खळबळ उडाली. घरगुती संगणकांचे प्रोसेसर बनविणारी म्हणून जी कंपनी ओळखली जाई, तिच्या या नव्या अपत्यानें पूर्णांकांच्या गणितांत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या 'अल्फा'ला मागें टाकलें होतें. आणि अल्फा तर जगांतील सर्वांत वेगवान प्रोसेसर म्हणून मिरवीत होता. हा विजय फार दिवस टिकला नाहीं. परंतु पुढें बारा वर्षांच्या आंत अल्फा बाजारांतून नाहींसा झाला, आणि पेंटियम प्रोचा वंश मात्र घरोघरीं नांदूं लागला. हें कसें घडलें, आणि त्या काळीं यंत्र विकत घेणाऱ्या माणसानें हे दोन प्रोसेसर कोणत्या मापानें तोलावयास हवे होते, याचा विचार आज आपण करूं.

प्रथम हे प्रोसेसर ज्या यंत्रांत बसत त्या यंत्राविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. वर्कस्टेशन म्हणजे एकाच माणसाच्या टेबलावर ठेवावयाचा, पण मोठ्या गणितासाठीं घडविलेला संगणक. पुलाच्या तुळईवर किती भार येईल, औषधाच्या रेणूची घडण कशी असेल, चित्रपटांतील काल्पनिक समुद्र पडद्यावर खरा कसा दिसेल, असले प्रश्न ज्यांना रोज सोडवावयाचे असत, ते इंजिनियर, शास्त्रज्ञ व चित्रकार हीं यंत्रें वापरीत. घरगुती संगणकाच्या कित्येक पट किंमत ते देत, कारण त्यांच्या दृष्टीनें यंत्रापुढें ताटकळत बसलेल्या माणसाचा वेळ यंत्रापेक्षां महाग होता. सन, सिलिकन ग्राफिक्स, ह्यूलेट-पॅकार्ड, आय. बी. एम. आणि डिजिटल या कंपन्यांचें या बाजारावर राज्य होतें, आणि या सर्वांचे प्रोसेसर निरनिराळे होते. एकाची आज्ञावली दुसऱ्याच्या यंत्रावर जशीच्या तशी चालत नसे.

यांपैकीं डिजिटल कंपनीचें घराणें जुनें. १९५७ सालीं केन ओल्सन व हार्लन अँडरसन या दोघांनीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील मेनार्ड गांवीं, लोंकरीच्या एका जुन्या गिरणींत तिचा संसार थाटला. तिच्या पी. डी. पी. मालिकेंतील यंत्रांनीं संगणकास बड्या कंपन्यांच्या बंद दालनांतून बाहेर काढून प्रयोगशाळेंत आणलें. १९७७ सालच्या 'व्हॅक्स'नें कंपनीस वैभवाच्या शिखरावर नेलें. एक काळ असा होता कीं तिच्या पदरीं लाखाहून अधिक माणसें होतीं. पण १९८० नंतरच्या दशकांत 'रिस्क' नांवाची नवी विचारसरणी पुढें आली. तिचें म्हणणें असें कीं, प्रोसेसरला थोड्या, साध्या व एकाच लांबीच्या आज्ञा द्याव्या. म्हणजे त्या समजून घेण्यांत त्याचा वेळ जाणार नाहीं व सर्व शक्ति वेगाकडे लावतां येईल. व्हॅक्सच्या आज्ञा याच्या अगदीं उलट, म्हणजे लांबलचक आणि गुंतागुंतीच्या होत्या. तेव्हां डिजिटलच्या इंजिनियरांनीं जुन्या वाड्याची डागडुजी करण्याऐवजीं नवा वाडा बांधावयाचें ठरविलें.

तो नवा वाडा म्हणजे १९९२ सालीं जाहीर झालेला अल्फा. त्याच्या रचनाकारांची महत्त्वाकांक्षा पाहिली म्हणजे आजहि कौतुक वाटतें. त्यांनीं ही रचना पंचवीस वर्षें टिकावी या हिशेबानें आंखली होती, आणि तेवढ्या काळांत तिची कार्यशक्ति हजारपट व्हावी असें गणित मांडलें होतें : ठोक्यांचा वेग वाढवून दहापट, एकाच ठोक्यांत अनेक आज्ञा पार पाडून आणखी दहापट, आणि अनेक प्रोसेसर एकत्र जोडून आणखी दहापट. प्रारंभापासूनच त्यांनीं ६४ अंकस्थानांची रचना स्वीकारली. इंटेलचे प्रोसेसर तेव्हां ३२ स्थानांचे होते. इंटेलचा त्या वर्षींचा घरगुती प्रोसेसर सेकंदास ६६ दशलक्ष ठोके देत असतां पहिल्या अल्फाचे ठोके १५० ते २०० दशलक्षांपर्यंत पोंचले होते. याचें रहस्य केवळ साध्या आज्ञांत नव्हतें. डिजिटलचे लोक आपली मंडलें बऱ्याच अंशीं हातानें, जरीकाम करावें तशीं, एकेक ट्रान्झिस्टर निरखून घडवीत.

या साधेपणाच्या ध्यासाला कधीं कधीं अतिरेकाचें रूपहि येई. पहिल्या अल्फांना स्मृतींतून एकच अक्षर उचलण्याची आज्ञाच नव्हती. चार किंवा आठ अक्षरांचा गठ्ठा उचलावयाचा, आणि त्यांतून हवें तें अक्षर निवडून घ्यावयाचें. वाण्याकडे चिमूटभर हिंग मागावा आणि त्यानें डबाच पुढें करावा, त्यांतलाच हा प्रकार. लांबलचक गणितें करणाऱ्यास याचें कांहींच वाटत नसे; पण मजकुराचें काम करणाऱ्या आज्ञावल्यांस तें जड जाई. १९९६ सालच्या सुधारित आवृत्तींत ही उणीव भरून काढण्यांत आली.

आतां इंटेलकडे वळूं. तिची अडचण वेगळी होती. १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरपासून चालत आलेल्या आज्ञा तिला सोडतां येत नव्हत्या, कारण कोट्यवधि रुपयांच्या आज्ञावल्या त्यांवर उभ्या होत्या. त्या आज्ञा आंखूड-लांब, वेड्यावांकड्या. जुन्या गांवांतील बोळांसारख्या. या बोळांतून वेगानें गाडी हांकतांच येणार नाहीं, असें रिस्कचे पुरस्कर्ते ठामपणें सांगत, आणि तें पटण्याजोगें होतें. इंटेलच्या १९९३ सालच्या पेंटियमनें या मताला थोडा धक्का दिला. ज्यांना पेंटियमचे जनक म्हटलें जातें ते विनोद धाम हे जन्मानें पुण्याचे, ही गोष्ट येथें नमूद करावीशी वाटते. परंतु त्या मताचा पुरता पाडाव केला तो ऑरेगन संस्थानांतील हिल्सबरो येथें काम करणाऱ्या इंटेलच्या दुसऱ्या एका तुकडीनें. तींतील रॉबर्ट कॉलवेल व डेव्हिड पॅपवर्थ हे दोघे 'मल्टिफ्लो' नांवाच्या एका बुडालेल्या संगणक कंपनींतून आलेले होते. त्या कंपनीनें एकाच वेळीं अनेक आज्ञा चालविण्याचे धाडसी प्रयोग केले होते, आणि तो अनुभव या मंडळींच्या गांठीशीं होता.

त्यांनीं काढलेली युक्ति अशी : बाहेरून येणारी जुनी, वेडीवांकडी आज्ञा प्रोसेसरच्या दाराशींच मोडून तिचे साधे, सारखे तुकडे करावयाचे, आणि आंतील कारखान्यानें फक्त त्या तुकड्यांवर काम करावयाचें. म्हणजे बाहेरून पेहराव जुना, पण आंतला माणूस सर्वस्वीं नवा. शिवाय हे तुकडे ज्या क्रमानें आले त्याच क्रमानें हातावेगळे केले पाहिजेत असें बंधन त्यांनीं ठेवलें नाहीं. शहाणी गृहिणी डाळ शिजेपर्यंत हात जोडून बसत नाहीं. ती तोंवर कोशिंबीर करते, कणीक मळते, आणि पानें वाढावयाच्या वेळीं मात्र सर्व पदार्थ योग्य क्रमानें वाढते. पेंटियम प्रो असाच वागे. एखादी संख्या दूरच्या स्मृतींतून यावयाची असली तर तो पुढच्या, तिच्यावर अवलंबून नसलेल्या कामांना हात घाली, आणि निकाल तेवढे मूळ क्रमानें जाहीर करी. त्या वेळचा अल्फा २११६४ याउलट शिस्तीचा. तो एका ठोक्यांत चार आज्ञा सुरू करूं शके, पण क्रम सोडीत नसे. त्याचा भरंवसा होता तो ठोक्यांच्या वेगावर : पेंटियम प्रोचे सेकंदास २०० दशलक्ष, तर अल्फाचे ३००.

दोघांची तुलना कशी करावयाची, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. नुसते ठोके मोजणें म्हणजे दोन माणसांच्या चालीची तुलना पावलांच्या संख्येवरून करण्यासारखें आहे. पाऊल केवढें, तें कळत नाहीं. म्हणून १९८८ सालीं स्थापन झालेल्या 'स्पेक' या संस्थेनें खऱ्या कामांतून निवडलेल्या कांहीं आज्ञावल्या ठरवून दिल्या होत्या. सन कंपनीच्या एका ठराविक वर्कस्टेशनला त्या सोडवावयास जो वेळ लागे त्यास एक मानावयाचें, आणि दुसरें यंत्र त्याच्या किती पट चपळ तें सांगावयाचें. १९९५ सालच्या या मापानें पूर्णांकांच्या कामांत २०० दशलक्ष ठोक्यांचा पेंटियम प्रो आठाच्या आसपास पोंचला, आणि अल्फासकट सारे रिस्क प्रोसेसर क्षणभर त्याच्या मागें पडले. दशांशांच्या गणितांत मात्र चित्र पालटे. तेथें उत्तम रिस्क प्रोसेसरच्या साधारण निम्म्यापर्यंतच त्याची मजल जाई. पूर्णांकांचें अग्रस्थानहि १९९६ च्या जानेवारींत मिप्स कंपनीच्या आर-१०००० नें घेतलें, आणि मग सुधारित अल्फानें.

इतकें असूनहि जाणते लोक हादरले, तें किंमतीकडे पाहून. ३०० दशलक्ष ठोक्यांच्या अल्फाची घाऊक किंमत १९९५ च्या प्रारंभीं २,९०० डॉलरांच्या आसपास होती. २०० दशलक्ष ठोक्यांचा पेंटियम प्रो त्याच वर्षअखेर सुमारे १,३०० डॉलरांस मिळूं लागला. अल्फाला सुमारें ५० वॅट वीज लागे, पेंटियम प्रो ३५ वॅटवर भागवी; म्हणजे भोंवतालचें यंत्रहि स्वस्तांत बांधतां येई.

पेंटियम प्रोदेखील स्वस्तांत पडे असें मात्र कोणी समजूं नये. त्याच्या एकाच कोंदणांत दोन हिरे बसविलेले असत : एक खुद्द प्रोसेसर, ५५ लक्ष ट्रान्झिस्टरांचा, आणि दुसरा त्याची जवळची स्मृति, आणखी दीड कोटीहून अधिक ट्रान्झिस्टरांची. दोन्ही एकत्र जोडल्यावरच त्यांची पुरती परीक्षा होई. त्यांत एक जरी सदोष निघाला तरी दोन्ही फुकट जात. म्हणूनच १९९७ सालच्या पेंटियम टू मध्यें इंटेलनें ही पद्धत सोडून ती स्मृति वेगळी व निम्म्या वेगाची केली. शिवाय घरगुती गिऱ्हाईक तर पेंटियम प्रोवर नाराजच होतें. १९९५ च्या ऑगस्टमध्यें आलेल्या विंडोज ९५ मध्यें जुन्या १६ स्थानांच्या आज्ञांचा भरणा पुष्कळ होता, आणि अशा आज्ञांवर हा महागडा प्रोसेसर साध्या पेंटियमपेक्षां फारसा पुढें जात नसे. तोच प्रोसेसर विंडोज एन. टी. च्या ३२ स्थानांच्या आज्ञावल्यांवर मात्र साध्या पेंटियमला सहज मागें टाकी. एकाच वस्तूविषयीं दोन गिऱ्हाइकांनीं दोन उलट मतें द्यावीं, आणि दोन्ही खरीं असावीं, असा हा प्रसंग.

माझ्या मतें या सर्व तुलनेचें मर्म येथेंच आहे. कार्यशक्ति ही प्रोसेसरच्या अंगीं चिकटलेली एक संख्या नसते. ती प्रोसेसर आणि काम या दोघांच्या जोडीची असते. याचीं दोन ठळक उदाहरणें देतों. १९९७ च्या डिसेंबरांत 'टायटॅनिक' चित्रपट प्रदर्शित झाला. त्यांतील कांहीं दृश्यें रंगविण्यासाठीं डिजिटल डोमेन या चित्रशाळेनें ४३३ दशलक्ष ठोक्यांचीं १६० अल्फा यंत्रें घेतलीं होतीं व त्यांपैकीं १०५ यंत्रांवर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली चढविली होती. प्रकाश, पाणी व पोलाद यांचें हें गणित सर्वस्वीं दशांशांचें, आणि त्या चित्रशाळेस आपल्या आज्ञावल्या अल्फासाठीं नव्यानें तयार करून घेतां येत होत्या. तिच्यापुरता अल्फाच किफायतीचा होता, यांत शंका नाहीं.

दुसरें उदाहरण याच्या अगदीं उलट आहे. अमेरिकेनें १९९२ सालापासून अणुबाँबचे प्रत्यक्ष स्फोट थांबविले, तेव्हां जुन्या अस्त्रांचें काय होतें हें गणितानेंच तपासण्याची पाळी आली. त्यासाठीं न्यू मेक्सिकोंतील सँडिया प्रयोगशाळेंत 'ॲस्की रेड' नांवाचा महासंगणक उभारला गेला. सेकंदास एक लक्ष कोटि दशांश-क्रिया करणारा हा पहिलाच संगणक. क्रे कंपनीचा टी-३-ई हा महासंगणक अल्फांचा बनलेला होता; तेव्हां येथेंहि अल्फाच असेल असें कोणासहि वाटेल. पण ॲस्की रेडमध्यें होते नऊ हजारांहून अधिक पेंटियम प्रो! दशांशांत एकेकटा दुबळा असलेला प्रोसेसर हजारोंच्या संख्येनें जोडला, आणि १९९७ च्या जूनपासून पुढें तीन वर्षांहून अधिक काळ तो संगणक जगांतील पहिल्या क्रमांकावर राहिला. अण्वस्त्रांच्या कामासाठीं बांधलेल्या यंत्रांतहि घरगुती बाजाराचा माल शिरला, ही त्या दशकांतील मोठीच घटना म्हटली पाहिजे.

डिजिटल कंपनीस हा धोका दिसत नव्हता असें नाहीं. अल्फावर विंडोज एन. टी. १९९३ पासूनच चालूं लागली होती. आणि ती प्रणाली रचणारा डेव्ह कटलर हा पूर्वी डिजिटलमध्येंच होता, हें लक्षांत घेतां त्यांत एक प्रकारचें नातेंहि होतें. पण प्रणाली चालली म्हणजे तिच्यावरच्या साऱ्या आज्ञावल्या चालतात असें नव्हे. त्या इंटेलसाठीं लिहिलेल्या. अल्फासाठीं त्या पुन्हां तयार करून विकण्याचे कष्ट थोड्याच व्यापाऱ्यांनीं घेतले. तेव्हां १९९६ सालीं डिजिटलनें 'एफ. एक्स. ३२' नांवाचा एक विलक्षण दुभाषा काढला. इंटेलसाठीं लिहिलेली आज्ञावली तो प्रथम अडखळत वाचून चालवी, मग यंत्र मोकळें असतां तिचें अल्फाच्या भाषेंत भाषांतर करून ठेवी, आणि पुढच्या वेळीं तें भाषांतर उपयोगास येई. याच्या कर्त्यांनीं अभिमानानें सांगितलें कीं, अशी भाषांतरित आज्ञावली ५०० दशलक्ष ठोक्यांच्या अल्फावर २०० दशलक्ष ठोक्यांच्या पेंटियम प्रोइतकी वेगानें चालते. विद्येच्या दृष्टीनें हा पराक्रमच होता. पण गिऱ्हाइकाच्या कानांनीं तें वाक्य ऐकून पाहावें : अधिक पैसे देऊन अल्फा घ्या, म्हणजे तुमची नेहमींची कामें पेंटियम प्रोइतक्या वेगानें होतील!

यापेक्षांहि खोल असें एक कारण होतें, आणि तें कोणत्याच मोजमापाच्या तक्त्यांत दिसत नसे. प्रोसेसरचा नवा कारखाना उभारावयास त्या काळीं शंभर कोटि डॉलर किंवा त्याहूनहि अधिक खर्च येई, आणि दर दोन-तीन वर्षांनीं तो नव्यानें सजवावा लागे. इंटेल वर्षाकांठीं कोट्यवधि प्रोसेसर विकी. हा खर्च त्या सर्वांवर वांटला जाऊन एकेकाच्या वांट्यास थोडासाच येई. अल्फाची विक्री लाखांच्या घरांत. पत्र लिहिणारा कारकून, हिशेब मांडणारा दुकानदार, खेळ खेळणारीं मुलें हीं सर्व नकळत पेंटियम प्रोच्या पुढच्या पिढीच्या खर्चास हातभार लावीत होतीं. अल्फाच्या मागें मूठभर शास्त्रज्ञ आणि इंजिनियर उभे होते. आज अल्फा पुढें असला, तरी उद्यांच्या अल्फाचे पैसे कोण देणार, हा प्रश्न १९९६ सालीं चार-पांच वर्षांसाठीं यंत्र घेणाऱ्यानें विचारावयास हवा होता. वेगाचे तक्ते छापणाऱ्या मासिकांपैकीं फारच थोड्यांनीं तो विचारला.

१९९७ च्या मे महिन्यांत डिजिटलनें इंटेलवर फिर्याद ठोकली. आपल्या दहा पेटंटांचा भंग करून पेंटियम, पेंटियम प्रो व पेंटियम टू बनविले आहेत, असें तिचें म्हणणें होतें. ऑक्टोबरांत तडजोड झाली, आणि तिच्या अटी ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटलें : हडसन येथील डिजिटलचा प्रोसेसरचा कारखानाच इंटेल सुमारें ७० कोटि डॉलरांस विकत घेणार, आणि तेथें डिजिटलसाठीं अल्फा बनवून देणार. फिर्यादीचें खरेंखोटें न्यायालयांत ठरलेंच नाहीं. पुरेसें काम नसलेला कारखाना डिजिटलला जड झाला होता, आणि तो खपला, एवढें मात्र स्पष्ट आहे. १९९८ सालीं कॉम्पॅक या घरगुती संगणकांच्या व्यापाऱ्यानें खुद्द डिजिटल कंपनीच ९६० कोटि डॉलरांस घेतली. १९९९ च्या ऑगस्टमध्यें अल्फावरील विंडोज एन. टी. चा पुढचा विकास थांबला, आणि ज्यांनीं केवळ वेगासाठीं हीं यंत्रें घेतलीं होतीं ते मधल्यामध्यें अडकले. यंत्र धडधाकट, पण त्याच्यासाठीं नवी आज्ञावली कोणी लिहीना.

२००१ च्या जूनमध्यें कॉम्पॅकनें जाहीर केलें कीं, आपण अल्फा सोडून इंटेलच्या 'इटॅनियम' या नव्या ६४ स्थानांच्या प्रोसेसरचा आश्रय घेणार. पुढच्या वर्षीं कॉम्पॅकहि ह्यूलेट-पॅकार्डमध्यें विलीन झाली. तिनें २००७ च्या एप्रिलपर्यंत अल्फाचीं यंत्रें विकलीं. पंचवीस वर्षांच्या हिशेबानें बांधलेल्या वाड्यास पंधरा वर्षें लाभलीं.

वाडा गेला तरी त्याचे गवंडी इतरत्र कामास लागले. अल्फाच्या रचनेंत ज्यांचा हात होता त्या डर्क मायर यांनीं ए. एम. डी. कंपनींत जाऊन १९९९ सालच्या ॲथलॉन प्रोसेसरचें नेतृत्व केलें, आणि त्या प्रोसेसरनें आपल्या बाह्य जोडणीची पद्धतहि अल्फाचीच घेतली. पहिल्या अल्फाचे एक प्रमुख शिल्पकार डॅन डॉबरपूल यांनीं पुढें स्थापन केलेली कंपनी २००८ सालीं ॲपलनें विकत घेतली. ए. एम. डी. नेंच २००३ सालीं इंटेलच्या जुन्या आज्ञांना ६४ स्थानांची जोड दिली आणि त्या बोळांचा राजरस्ता झाला. ज्याच्यासाठीं अल्फाचा बळी देण्यांत आला त्या इटॅनियमचा शेवटचा माल इंटेलनें २०२१ सालीं रवाना केला.